कपाटातला कॅलरीमापी

हत्यार आणि हात यांचे नाते फार जुने आहे. सुतार आपल्या पटाशीला, न्हावी वस्तऱ्याला आणि शिंपी कात्रीला जसा जपतो, तसा तो घरातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूला जपत नाही. खंडेनवमीला ही हत्यारे पुसून मांडली जातात, त्यांना हळदकुंकू आणि फूल वाहिले जाते. पण सण सरला की ती पुन्हा कामाला लागतात. वर्षभर लाकडाला न लागलेल्या पटाशीची केवळ पूजा करीत बसणारा सुतार शोधूनही सापडणार नाही. कारागिराच्या लेखी वापरणे आणि जपणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. वापरायचे असते म्हणून तो जपतो आणि जपलेले असते म्हणूनच त्याला वापरता येते.

विज्ञानाच्या वर्गात मात्र हे नाते पुष्कळदा तुटलेले दिसते. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात तांब्याचा एक कॅलरीमापी ठेवलेला असतो. त्याच्या लाकडी पेटीवर धूळ बसलेली असते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो बाहेर निघतो, विद्यार्थ्यांना दुरून दाखवला जातो, फार तर शिक्षक स्वतः एकदा प्रयोग करून दाखवतात आणि उपकरण पुन्हा कपाटात जाते. विद्यार्थी फळ्यावरील आकडे आपल्या वहीत उतरवून घेतात. कधी तर तेवढेही घडत नाही. मागील वर्षीच्या वहीतून यंदाच्या वहीत आकड्यांचा प्रवास होतो. हे सारे ज्या कारणासाठी केले जाते ते वरवर पाहता चांगले असते. उपकरण महाग आहे, ते एकच आहे, ते मोडेल, म्हणून ते जपले पाहिजे. पण अशा रीतीने जे जपले जाते ते उपकरण असते की केवळ त्याचे भांडे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कॅलरीमापीची रचना पाहिली तर तो किती साधा आहे हे ध्यानात येते. तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे एक पातळ भांडे, त्याच धातूची एक ढवळणी, भोवती लाकडी पेटी, पेटी आणि भांडे यांच्यामध्ये लोकर किंवा कापूस, वर दोन छिद्रांचे झाकण आणि एका छिद्रातून आत सोडलेला तापमापी. एवढाच त्याचा संसार. बर्फविक्या बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून लाकडाच्या भुशात ठेवतो, थंडीच्या दिवसांत गृहिणी विरजणाच्या भांड्याभोवती घोंगडी लपेटते. त्यांच्या या व्यवहारामागचे तत्त्व आणि लोकरीच्या वेष्टनामागचे तत्त्व एकच आहे. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही आणि आतली बाहेर जाऊ द्यायची नाही. मग आत जो देवघेवीचा व्यवहार होतो तो चोख राहतो. तापलेल्या वस्तूने जितकी उष्णता गमावली, तितकीच पाण्याने आणि भांड्याने मिळवली, असे म्हणता येते. सोनाराच्या काट्याने सोने तोलावे तशी या उपकरणाने उष्णता तोलली जाते.

उष्णता तोलण्याची ही कल्पना आज सोपी वाटते. पण ती सुचायला आणि पक्की व्हायला मोठा काळ लागला. अठराव्या शतकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने तापमान आणि उष्णता या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे प्रयोगांनी दाखवले. पुढे १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये आंत्वान लव्हाझिए आणि पिएर लाप्लास यांनी बर्फाचा कॅलरीमापी वापरला. एकात एक अशी तीन भांडी त्यात होती. आतल्या भांड्यात उष्ण वस्तू, मधल्या भांड्यात बर्फ आणि बाहेरच्या भांड्यात पुन्हा बर्फ. खोलीतील उष्णता बाहेरच्या बर्फानेच अडवायची आणि मधला बर्फ किती वितळला ते मोजून आतल्या वस्तूची उष्णता काढायची, अशी ती युक्ती होती. या दोघांनी आतल्या भांड्यात एक जिवंत गिनीपिगही ठेवला आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, या विचाराला त्या वितळलेल्या बर्फाने आधार दिला.

या इतिहासात एक विचार करण्याजोगी गोष्ट दडलेली आहे. लव्हाझिए उष्णतेला एक द्रव्य मानत असे. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या द्रव्याला मूलद्रव्यांच्या यादीत स्थान दिले होते आणि त्याच्याच नावावरून उपकरणाचे नाव ठेवले होते. पुढे ही कल्पना चुकीची ठरली. उष्णता हे द्रव्य नव्हे, ती ऊर्जेची देवघेव आहे, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. मत मागे पडले, पण ते उपकरण आणि त्याने केलेली प्रामाणिक मापने मागे पडली नाहीत. आपल्या मताला सोयीचे आकडे लिहिण्याऐवजी जे दिसले तेच लिहिले, की त्या आकड्यांना मताच्या पलीकडचे आयुष्य लाभते. लव्हाझिएचे ते उपकरण आज पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे आणि तेथे ते तसे असणेच योग्य आहे, कारण त्याचे काम पूर्ण झाले आहे. शाळेच्या कपाटातील कॅलरीमापीचे काम मात्र दर वर्षी नव्याने सुरू व्हायचे असते. त्याला संग्रहालयातील वस्तूचा मान देणे म्हणजे त्याला कामावरून काढून टाकणे होय.

जेम्स प्रेस्कॉट जूल याचे उदाहरण येथे आठवते. मँचेस्टरजवळच्या एका मद्यनिर्मात्याचा हा मुलगा नेहमीच्या शाळेत गेला नाही. त्याचे शिक्षण घरी झाले. काही काळ जॉन डाल्टन यांनी त्याला शिकवले. विद्यापीठातील पद त्याला कधी मिळाले नाही. घरच्या व्यवसायात राहून त्याने प्रयोग केले. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात त्याने वल्ह्यांसारखी पाती बसवली आणि खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने ती फिरवली. घुसळल्याने पाणी किंचित तापत असे. ही वाढ एका अंशाहूनही कमी होती; पण त्याचे तापमापी इतके सूक्ष्म आणि हात इतका सावध होता की, १८५० साली त्याने मांडलेले निष्कर्ष पुढे सर्वमान्य झाले. ऊर्जेच्या एककाला आज त्याचेच नाव आहे. शाळेच्या चार भिंतींबाहेर शिकणाऱ्या माणसाला विज्ञानाचे दार बंद नसते, हे जूलच्या चरित्रातून दिसते. पण ते दार हाताने काम केल्यावाचून उघडतही नाही, हेही तितकेच स्पष्ट दिसते.

हाताने काम करणे म्हणजे नेमके काय, हे एका साध्या प्रयोगावरून समजते. ५० ग्रॅम वजनाच्या तांब्याच्या कॅलरीमापीत १०० ग्रॅम पाणी घेतले आणि त्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस आहे असे समजू. १०० ग्रॅम लोखंडाचा तुकडा १०० अंशांपर्यंत तापवून त्यात सोडला, तर मिश्रणाचे तापमान सुमारे ३२ अंशांवर स्थिर होते. पाण्याची विशिष्ट उष्मा ४.२ आणि तांब्याची ०.३९ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरून हिशेब केला, की लोखंडाची विशिष्ट उष्मा ०.४५ येते आणि ती पुस्तकातील किमतीशी जुळते. वहीत उतरवून घेणाऱ्याला येथे प्रयोग संपला असे वाटते. ज्याने तो स्वतः केला आहे त्याला ठाऊक असते की, खरा प्रयोग येथून पुढे आहे.

समजा, तापमापी वाचताना डोळा द्रवाच्या पातळीत नव्हता आणि ३२ ऐवजी ३१ अंश वाचले गेले. चूक केवळ एका अंशाची आहे. पण तेवढ्याने उत्तर ०.३८ येते. ती किंमत तर तांब्याच्या जवळची आहे! एका अंशाच्या निष्काळजीपणाने लोखंडाचे तांबे होते. समजा, तुकडा उकळत्या पाण्यातून थेट उचलला आणि त्याच्याबरोबर दोन ग्रॅम पाणी कॅलरीमापीत आले. अर्धा चमचाही न भरणारे ते पाणी उत्तर ०.५३ पर्यंत नेते. म्हणूनच धातू उकळत्या पाण्यात न बुडवता कोरड्या परीक्षानळीत किंवा वाफेच्या पात्रात तापवायचा असतो. भांड्याने घेतलेली उष्णता हिशेबात धरायला विसरले, तर उत्तर ०.४३ येते. या प्रत्येक आकड्याला बोलता येते. तो आपली चूक कोणती, हे सांगत असतो. पण ज्या वहीत सर्वांचे उत्तर ०.४५ असते, त्या वहीतील आकडे मुके असतात.

यावरून कॅलरीमापीची निगा आणि कॅलरीमापीचा वापर एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे लक्षात येते. भांडे आतून ओले राहिले, तर त्याचे वजन चुकते. म्हणून प्रयोगापूर्वी ते मऊ कापडाने कोरडे करायचे. ढवळणी ज्या भांड्याची त्याच भांड्यात ठेवायची, कारण अदलाबदल झाली की वजनाचा हिशेब बिघडतो. यासाठी भांड्यावर आणि ढवळणीवर एकच क्रमांक घालून ठेवणे सोयीचे असते. भोवतीची लोकर दमट झाली, तर ती उष्णता अडवण्याऐवजी वाहून नेऊ लागते. म्हणून ती अधूनमधून उन्हात वाळवायची. तापलेला तुकडा वरून टाकायचा नाही, दोऱ्याने हळूच सोडायचा. टाकला तर पाणी उडते आणि पातळ भांड्याला पोचा पडतो. बर्फाची अप्रकट उष्मा मोजताना बर्फाचा खडा आधी टिपकागदाने टिपून घ्यायचा. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ जूल लागतात. त्याला चिकटलेले पाणी मात्र आधीच वितळलेले असते आणि तरीही बर्फ म्हणून तोलले जाते. यांतील प्रत्येक सूचना निगेची आहे आणि त्याच वेळी ती अचूकतेचीही आहे. उपकरण ज्याने बिघडते, त्यानेच बहुतेक वेळा उत्तरही बिघडते.

तांब्याच्या बाबतीत तर घरातील अनुभव फार उपयोगी पडतो. तांब्याच्या भांड्यात ताक किंवा दही ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक घरात माहीत असते. कॅलरीमापीतही आम्ल किंवा मिठाचे पाणी राहू दिले, तर हिरवट कळंक चढतो आणि धातू झिजतो. काळवंडलेला हंडा चिंचेने उजळतो, तसा कॅलरीमापीही उजळेल. पण राखेने किंवा वाळूने घासला, तर त्याचे वजन कमी होईल आणि त्यावर चरे पडतील. चिंच लावली तरी भांडे लगेच स्वच्छ धुऊन, कोरडे करून पुन्हा तोलायला हवे. हंड्याचे वजन गुंजभर घटले म्हणून कोणाचे बिघडत नाही; कॅलरीमापीचे वजन हेच त्याचे ओळखपत्र असते. घरचे शहाणपण प्रयोगशाळेत न्यावे आणि तेथे त्याला वजनाची शिस्त लावावी, हे प्रौढ विद्यार्थ्याला शाळकरी मुलापेक्षाही अधिक सहज जमते.

तापमापीची गोष्ट याहून नाजूक आहे. तो ढवळणीचे काम करण्यासाठी नाही. त्याचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला, पण भांड्याच्या तळाला न टेकलेला असावा. उकळत्या पाण्यातून काढून तो एकदम थंड पाण्यात बुडवू नये. जुन्या तापमापीत पारा असेल, तर तो फुटल्यावर केवळ काच गेली असे मानून चालत नाही. पाऱ्याची वाफ विषारी असते. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात, सर्वांना दूर करावे, पाऱ्याला हात लावू नये, केरसुणी फिरवू नये; शिक्षकाने जाड कागदाच्या साहाय्याने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. वर्गासाठी पाऱ्याऐवजी दुसऱ्या द्रवाचा किंवा अंकीय तापमापी घेणे हेच आता शहाणपणाचे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. विद्यार्थी पुष्कळ, उपकरण एक आणि वेळ थोडा. मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रावर येणारा विद्यार्थी आठवडाभर कामावर राबून सुटीच्या दिवशी येतो. कोणी घरकाम करते, कोणी दुकानात उभे असते, कोणी शेतावरून येते. अशा वेळी प्रत्येकाच्या हाती कॅलरीमापी कसा द्यायचा? आणि मोडला तर भरपाई कोणी करायची? शिक्षकाची ही चिंता खरी असते. उपकरणांची नोंदवही त्याच्याच नावावर असते.

परंतु याच विद्यार्थ्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्याला प्रयोगशाळेत येण्याचे दिवसच मोजके मिळतात, त्याच्या हातून तेही दिवस काढून घेणे अधिक अन्यायाचे आहे. ज्या बाईने वीस वर्षे चुलीवरची भांडी सांभाळली, ज्या माणसाने वेल्डिंगच्या ठिणग्यांत काम केले, त्यांच्या हातून तांब्याचा एक पेला मोडेल, ही भीती कितपत योग्य आहे? हे हात कामाला सरावलेले असतात. त्यांना हवी असते ती केवळ संधी. वस्तू मोडू नये म्हणून माणसाला दूर ठेवणे सोपे आहे. वस्तू न मोडता वापरायला माणसाला शिकवणे कठीण आहे. पण शिक्षण म्हणतात ते या दुसऱ्या गोष्टीलाच.

उपकरणाच्या टंचाईवरही उपाय आहेत. एकात एक ठेवलेले थर्माकोलचे किंवा जाड कागदाचे दोन पेले आणि वर पुठ्ठ्याचे झाकण, एवढ्यातून कामापुरता चांगला कॅलरीमापी तयार होतो. अशा पेल्यांवर आधी हात बसवावा आणि मग तांब्याचे उपकरण हाती घ्यावे. पेला स्वतः जवळजवळ उष्णता घेत नाही, तांब्याचे भांडे मात्र आपला वाटा उचलते. दोन्ही वापरल्यावर हा फरक पुस्तकाविना समजतो. चार-पाच जणांच्या गटात एकाने तोलावे, एकाने तुकडा सोडावा, एकाने ढवळावे, एकाने तापमान वाचावे आणि पुढच्या वेळी कामे बदलावीत. संगणकाच्या पडद्यावर हा प्रयोग पाहणेही उपयोगी आहे. पण पडद्यावरील पाणी सांडत नाही आणि पडद्यावरील लोकर दमट होत नाही. सांडलेले पाणी पुसताना जे शिकायला मिळते, ते तेथे मिळत नाही.

परीक्षकांनीही या बाबतीत आपली दृष्टी थोडी बदलायला हवी. उत्तर ०.४५ आले की पूर्ण गुण आणि ०.५३ आले की गुण वजा, अशी पद्धत असेल, तर विद्यार्थी आकडे जुळवायलाच शिकतील. ज्याचे उत्तर ०.५३ आले आणि ज्याने खाली ‘तुकड्याबरोबर उकळते पाणी आले असावे’ असे लिहिले, त्याला अधिक समजले आहे. चूक लपवणाऱ्यापेक्षा चुकीचे कारण शोधणारा विज्ञानाच्या अधिक जवळ असतो. वहीतील खाडाखोड हा नेहमीच दोष नसतो. कधी कधी तो प्रामाणिकपणाचा पुरावाही असतो.

ही सवय प्रयोगशाळेपुरती राहत नाही. दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश मोजणारा, औषधाच्या दुकानात मात्रा वाचून देणारा, रक्तदाबाचे यंत्र बांधणारी आरोग्यसेविका, पेट्रोलच्या टाकीची पातळी लिहिणारा कामगार, या सर्वांच्या हाती कोणते ना कोणते माप असते. त्यांनी लिहिलेल्या आकड्यावर दुसऱ्या कोणाचा तरी पैसा, तब्येत किंवा जीव अवलंबून असतो. जे दिसले नाही ते लिहायचे नाही आणि जे दिसले ते सोयीसाठी बदलायचे नाही, हा धडा एकदा हाताला मिळाला की तो जन्मभर पुरतो. वहीतून वहीत आकडे उतरवताना नेमका याच्या उलट धडा गिरवला जातो, ही त्यातील खरी हानी आहे. कॅलरीमापी मोडला तर नवा घेता येतो; मापाविषयीची निष्ठा एकदा मोडली की ती बाजारात मिळत नाही.

म्हणून कपाटाला कुलूप असावे, पण किल्ली नेहमी हाताशी असावी. प्रयोग संपल्यावर भांडे रिकामे करून, पुसून, उपडे ठेवावे. तापमापी त्याच्या नळीत घालावा. ढवळणीचा क्रमांक पाहावा. लोकर सारखी करावी आणि काही बिघडले असेल तर ते लपवून न ठेवता नोंदवहीत लिहावे. हे काम शिपायाने नव्हे, तर ज्याने प्रयोग केला त्यानेच करावे. वापराने तांब्याला थोडा काळेपणा येईल, पेटीचा एखादा कोपरा झिजेल. सुताराच्या पटाशीची मूठही अशीच झिजून गुळगुळीत झालेली असते. त्या मुठीकडे पाहून कोणी तिला जुनाट म्हणत नाही. ती हाताला बसली आहे, असेच म्हणतात.